पुढच्या खंडाची माणसं

खुलताबादच्या मातीत औरंगजेब आहे, पहिला निजाम आहे, मलिक अंबर आहे. पर्यटकांच्या गाड्या या कबरींपाशी थांबतात आणि मग वेरूळकडे वळतात. पुस्तकवेड्या माणसाने मात्र या गावात आणखी काही नावं विचारायला हवीत. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा मान दिला आणि दिल्लीची मंडळी दख्खनेत आली. त्या काळात सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याभोवती शिष्यांचा मेळा जमला, त्यात काशानी घराण्यातले भाऊ होते. ही शिकलीसवरलेली, लिहिती माणसं. रुक्नुद्दीन यांनी गुरूंची संभाषणं ‘नफाइस-उल-अन्फास’मध्ये टिपून ठेवली. हम्माद यांनी ‘अहसन-उल-अक्वाल’ सिद्ध केला. १३३७ मध्ये गुरू गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १३४० मध्ये, मजदुद्दीन यांनी गुरूंच्या करामतींचा संग्रह केला, ‘गराइब-उल-करामात’. तेवढ्याने भागलं नाही. सांगायचं बरंच राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी पुढचा ग्रंथ लिहिला. त्याचं नाव ‘बाकियत-उल-गराइब’, म्हणजे उरलेली नवलं.

हे ग्रंथ श्रद्धेचे आहेत. त्यांना आजच्या अर्थाने अद्भुतकथा म्हणणं अन्यायाचं होईल. पण नवलाच्या कथांभोवती प्रौढ माणसं कशी जमतात, ती कशी जपतात आणि एक ग्रंथ पुरा पडला नाही की दुसरा कसा हाती घेतात, याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला महाराष्ट्राच्या भूमीवर दुसरा सापडणं कठीण. काशानी बंधूंपुढे एक वडीलधारा नमुनाही होता. निजामुद्दीन अवलियांची संभाषणं ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात नोंदवणारे दिल्लीचे कवी अमीर हसन सिज्झी हेही दौलताबादला आले आणि इथेच मातीआड झाले. चारशेहून अधिक वर्षांनी, १७८६ मध्ये, विद्वान कवी गुलाम अली आझाद बिलग्रामी औरंगाबादेत वारले. त्यांनाही विसावा मिळाला तो खुलताबादेत, अमीर हसन यांच्या सान्निध्यात. लेखकाच्या उशाशी लेखक.

गावाचा परिसरही कथांनी भारलेला. सुलीभंजनच्या डोंगरावर संत एकनाथांनी तप केल्याची परंपरा आहे, आणि त्याच अंगाला लोक ज्याला ‘परियों का तालाब’ म्हणतात ते तळं आहे. सूफी संत जर-जरी-जर-बक्ष यांच्या नावाभोवती सोन्याच्या कथा आहेत. भद्रा मारुतीची मूर्ती निद्रिस्त, तिची वेगळी कथा. हनुमान जयंतीला संभाजीनगरहून रात्रभर पायी चालत येणाऱ्या लोकांमध्ये नोकरदार असतात, दुकानदार असतात, कॉलेजची मुलं असतात. इथे नवल ही लहान मुलांच्या वाट्याची गोष्ट कधीच नव्हती.

मग आज एखादा चाळिशीतला माणूस सात जाडजूड खंडांच्या अद्भुत मालिकेत बुडाला, तर घरातले ‘या वयात?’ असं का विचारतात?

तो बुडतो कसा, हे आधी पाहायला हवं, कारण वाट बहुतेकांची सारखीच असते. मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक रात्री चाळता चाळता दोन वाजतात. किंवा पडद्यावर एखादी मालिका सुरू होते, तिचा हंगाम संपतो आणि पुढे काय झालं हे पुस्तकात आहे असं कळतं. जॉर्ज मार्टिन यांचं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ चं, पण भारतातल्या कितीतरी नोकरदार वाचकांनी ते हाती घेतलं २०११ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आल्यानंतर. अमीश त्रिपाठी यांची ‘मेलुहा’ची कथा २०१० मध्ये आली. लेखक व्यवस्थापन शिकलेला, वित्तक्षेत्रात नोकरी करणारा. त्याचा वाचकही लोकलमध्ये उभ्याने वाचणारा, पगारावर पुस्तक विकत घेणारा प्रौढच होता. २०१३ मध्ये तिसरा भाग येईपर्यंत हा वाचक वाट पाहायला शिकला होता.

या वाचकाला संकोच वाटतो, हे प्रकाशकांनी फार लवकर ओळखलं. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने त्याची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. आत शब्दही बदलला नव्हता. बदललं होतं फक्त मुखपृष्ठ. रंगीत चित्राऐवजी वाफेच्या इंजिनाचं कृष्णधवल छायाचित्र, म्हणजे आगगाडीत समोर बसलेल्याला हा माणूस मुलांचं पुस्तक वाचतोय असं वाटू नये. दोन वर्षांनी न्यूयॉर्क टाइम्सने खपाच्या यादीत मुलांच्या पुस्तकांसाठी वेगळा रकाना सुरू केला, कारण मुख्य यादीच्या वरच्या जागा याच मालिकेने अडवल्या होत्या. त्या जागा केवळ मुलांच्या खाऊच्या पैशांनी अडणं शक्य नव्हतं.

या संकोचाचं मूळ जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ च्या मार्चमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात शोधलं होतं. परीकथा आणि लहान मुलं यांचं नातं नैसर्गिक नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाणखान्यातलं फर्निचर जुनं झालं की मुलांच्या खोलीत हलवतात, तशीच मोठ्यांनी नको झालेली ही कथा मुलांकडे ढकलली. बालवाङ्मय म्हणून तिची निगा राखली गेली, पण वाढ खुंटली. व्याख्यान दिलं तेव्हा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहून व्हायला पुष्कळ अवकाश होता. ते १९५४-५५ मध्ये आलं आणि त्याची खरी लाट उसळली ती १९६५ नंतर अमेरिकेत, स्वस्त कागदी बांधणीच्या प्रतींमुळे, विद्यापीठांतल्या तरुणांमध्ये.

मराठीत हे फर्निचर कधी हललं, याचा काळही बराचसा नक्की सांगता येतो. त्याआधी शतकानुशतकं चातुर्मासात पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर रोज एक अध्याय वाचला जायचा, दिवसभर शेतात राबलेली माणसं उद्या काय होणार याची उत्सुकता घेऊन घरी जायची आणि समाप्तीला अख्खं गाव यायचं. धुंडिसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’ १८१९ चा, चाळीस अध्यायांचा. त्यात मंत्रांनी भारलेली अस्त्रं आहेत, स्त्रीराज्य आहे, गुरूला सोडवायला निघालेला शिष्य आहे. त्याची पारायणं आजही होतात आणि करणारी माणसं प्रौढ असतात. ओळीने, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिवसांत वाचायचं आणि संपलं की पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची. लांबलचक मालिका वाचणाऱ्याची शिस्त मराठी माणसाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती.

छापील कादंबरीही सुरुवातीला याच वाटेने गेली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. दोन्ही अद्भुतरम्य आणि दोन्ही मोठ्यांसाठी. मग १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ प्रसिद्ध झाला. कादंबरीने जगाच्या व्यवहाराशी इमान राखावं, हा त्यातला सूर. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली. यमूची ती हकीकत वाचताना आजही गलबलून येतं. वास्तवाचा हा आग्रह मराठी समाजाला हवाच होता, त्याशिवाय बालविधवांचं दुःख कागदावर आलंच नसतं. पण त्या आग्रहाची किंमत अद्भुताने मोजली. ते कमी दर्जाचं ठरलं. पुढे नाथमाधवांसारखे लेखक आले. १९०५ मध्ये सिंहगडावरच्या कड्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि अंथरुणाला खिळल्यावर त्यांची लेखणी चालू झाली. त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ मध्ये आली आणि वाचकांनी ती उचलून धरली. समीक्षेच्या पुस्तकांत तिला जागा मिळाली ती मात्र कोपऱ्यातली.

हा झगडा मराठीपुरता नाही. हम्झा या वीराच्या अद्भुत साहसांच्या दास्तानीचंच पाहा. बाबर मोठा रसिक आणि फार सुंदर गद्य लिहिणारा. पण हम्झाच्या कथेच्या धर्तीवर एका कवीने रचलेली लांबलचक कथा त्याला बुद्धीला न पटणारी, रचणाऱ्याचं आयुष्य फुकट घालवणारी वाटली, असं त्याच्या आत्मचरित्रातून दिसतं. त्याचा नातू अकबर याने तीच हम्झाची कथा चितारण्यासाठी आपल्या चित्रशाळेला सुमारे १५ वर्षं कामाला लावलं. चौदा खंड आणि चौदाशे चित्रं, कापडावर रंगवलेली, एवढी मोठी की दरबारात धरून दाखवता यावीत. काम सुरू झालं तेव्हा अकबर विशीत होता, संपलं तेव्हा पस्तिशीत. साम्राज्य उभारणीच्या ऐन धामधुमीची ही वर्षं. त्या चित्रांपैकी दोनशेच्या आसपास आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. अकबराचा पणतू औरंगजेब खुलताबादेत साध्या, उघड्या कबरीत आहे.

हम्झाची दास्तान पुढे उर्दूत आली आणि फुगत गेली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८० च्या दशकापासून ती छापायला घेतली, ती अखेर ४६ खंडांवर जाऊन थांबली. त्यातला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ सर्वांत लोकप्रिय. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे. नंतर ते छापखाना सोडून गेले, तेव्हा कथा अर्धवट राहिली नाही. अहमद हुसेन कमर यांनी ती पाचव्या खंडापासून पुढे नेली. हिंदीत असंच घडलं. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून उर्दू वाचणाऱ्यांनी नागरी अक्षरं गिरवली. ‘भूतनाथ’ अपुरी असताना १९१३ मध्ये खत्री वारले आणि राहिलेले भाग त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केले.

औरंगाबाद या सगळ्यापासून लांब नव्हतं. सिराज औरंगाबादी याच शहरातले. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी ‘बोस्तान-ए-खयाल’ हे दीर्घ कथाकाव्य इथेच रचलं. मौलवी अब्दुल हक १९१३ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं काम औरंगाबादेतून पाहत होते. जुन्या दख्खनी हस्तलिखितांचा त्यांना ध्यास होता. त्यांनी हुडकलेल्या ग्रंथांत मुल्ला वजही यांचा ‘सबरस’ होता, गोवळकोंड्याच्या कुतुबशाही दरबारात १६३५ च्या सुमारास लिहिलेला. त्यात अक्ल नावाचा राजा आहे, दिल नावाचा त्याचा मुलगा आहे, अमृतजलाचा शोध आहे, देहाच्या नावाचं नगर आहे. दख्खनी गद्यातला हा अव्वल दर्जाचा अद्भुतप्रवास सुमारे तीनशे वर्षं हस्तलिखितात पडून होता. १९३२ मध्ये तो औरंगाबादच्या अंजुमनने छापला. साठीकडे झुकलेला एक माणूस तीनशे वर्षांपूर्वीच्या नवलकथेसाठी जीव टाकतो, तिची अक्षरं लावतो, शब्दांचे अर्थ देतो. याला छंद म्हणून सोडून देता येत नाही. निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेली मराठी पिढी हे साहित्य सहज वाचत असे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी त्यांतले एक. सूफी संप्रदायावर मराठीत त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यामागे हा घरोबा होता.

मराठी छापील पुस्तकांकडे पुन्हा वळलं तर सर्वांत मोठा आश्चर्याचा धक्का बसतो तो चिपळूणकरांच्या घरात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणायला सुरुवात केली. कृष्णशास्त्री म्हणजे अलंकारशास्त्र, व्याकरण, तर्क यांत मुरलेले पंडित. १८७८ मध्ये ते गेले, काम राहिलं. ते पुढे चालवलं त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी. ‘निबंधमाला’ लिहिणारे, केसरीच्या स्थापनेत असलेले, ज्यांच्या शब्दाच्या धाकाने भलेभले वचकून असत, ते विष्णुशास्त्री सिंदबाद आणि जिन यांच्या गोष्टी मराठीत लिहीत होते. १८८२ मध्ये, ऐन तारुण्यात, तेही गेले. तरीही काम थांबलं नाही. हरि कृष्ण दामले यांनी ते पूर्णत्वाला नेलं. तीन माणसांच्या हातून, जवळपास तीन दशकांत एक मालिका पुरी झाली.

रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये ‘व्हील ऑफ टाइम’ अपुरी टाकून वारले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी पुढचं काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवलं, आणि २०१३ मध्ये चौदावा खंड आला. ही हकीकत इंग्रजी वाचणारे मराठी तरुण मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि ती कौतुकाचीच आहे. पुण्यात हेच सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेलं, हेही त्यांच्या कानावर जायला हवं. टॉल्किन यांच्या मागे त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने वडिलांची बाडं उलगडत १९८३ ते १९९६ या काळात ‘मध्य-पृथ्वी’च्या इतिहासाचे बारा खंड संपादित केले. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवर त्याने आपलं उतारवय खर्चलं. मालिकेचा भक्त मोठा झाला की त्याच्यात ही कुवत येते. लहान मूल गोष्टीसाठी हट्ट धरतं. मोठा माणूस त्या गोष्टीचा पुढचा खंड जगात यावा म्हणून वर्षं घालू शकतो, कधी लिहून, कधी छापून, कधी भाषांतर करून.

भाषांतराची गोष्ट आली की गौरी देशपांडे यांच्यापाशी थांबावंच लागतं. चिपळूणकरांचा अनुवाद कुटुंबात मोठ्याने वाचता येईल असा, सोवळा होता. रिचर्ड बर्टन यांची १८८५ ची इंग्रजी आवृत्ती तशी नव्हती. ती वर्गणीदारांपुरती, खासगीत छापलेली होती. त्यात शृंगार होता, क्रौर्य होतं, आणि तळटीपांमध्ये एक वेगळंच जग होतं. ती अख्खी मराठीत आणायचं गौरी देशपांडे यांनी मनावर घेतलं. ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड. इरावती कर्व्यांची मुलगी, इंग्रजीत कविता लिहिणारी, मराठी कथेत स्त्रीच्या मनाचे नवे कोपरे उघडणारी ही लेखिका. तिच्यावर कुणाची सक्ती नव्हती. तिने स्वतःच्या कथा-कादंबऱ्यांचा वेळ या कामाला दिला. मराठीच्या वाङ्मयेतिहासात या सोळा खंडांवर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही, ही खंत इथे स्पष्ट नोंदवायला हवी. एका प्रौढ बाईने प्रौढांसाठी नवलकथा पुन्हा दिवाणखान्यात आणून ठेवली होती. ते संच ग्रंथालयांतून फुटले. कुठे सातवा खंड आहे पण आठवा नाही, कुठे पहिलाच गहाळ.

मालिकेचं हे दुखणं ग्रंथपाल चांगलं ओळखतात. कादंबरी एकटी टिकते, संच टिकत नाही. एक खंड परत आला नाही की बाकीचे वाचले जात नाहीत, वाचले जात नाहीत म्हणून मागच्या कपाटात जातात. प्रौढपणी वेड लागलेला वाचक म्हणूनच विकत घ्यायला लागतो. एकेक खंड महिन्याच्या हिशेबात बसवून.

टॉल्किन मराठीत आणलं मुग्धा कर्णिक यांनी. ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे नाव, पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सचं प्रकाशन. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाच्या त्या संचालक होत्या. आयन रँडच्या ‘ॲटलास श्रग्ड’सारख्या अवाढव्य कादंबरीचा अनुवादही त्यांचाच. टॉल्किनची अडचण निराळी आहे. त्या पुस्तकात पानापानावर गाणी आहेत, प्रत्येक जमातीची बोली वेगळी आहे, गावांच्या आणि नद्यांच्या नावांमागे लेखकाने रचलेल्या भाषा आहेत. एल्फ बोलतील ती मराठी आणि हॉबिट बोलतील ती मराठी एक असून चालत नाही. सुदैवाने मराठीकडे साधनं भरपूर आहेत: ओवी आहे, पोवाडा आहे, आर्या आहे, बखरीचं भारदस्त गद्य आहे, आणि रानातली, बाजारातली बोली आहे. असा अनुवाद करणाऱ्याला मूळ पुस्तक किती वेळा वाचावं लागत असेल! भक्ती हा शब्द इथे जराही जास्त नाही.

हॅरी पॉटरचा पहिला भाग बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादात ‘हॅरी पॉटर आणि परीस’ म्हणून भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणला. ‘परीस’ हे अगदी आपल्या घरातलं नाव. लोखंडाचं सोनं करणारा दगड संतांच्या अभंगांतून शेतकऱ्याच्या तोंडीही रुळलेला आहे. इंग्रजी वाचायला अडखळणाऱ्या आईवडिलांना मुलं कशात एवढी रमली आहेत हे या अनुवादाने कळलं, आणि त्यातले काही स्वतःच रमले.

अद्भुताच्या वाचकाला महाराष्ट्रात आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, आणि तो टाळू नये. भुतं, मंत्र, चेटूक यांच्या पुस्तकांनी अंधश्रद्धा पसरत नाही का? ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा प्रश्न पोटतिडकीचा आहे. उत्तरही तेवढ्याच गांभीर्याने द्यायला हवं. बुवा म्हणतो, हे खरं आहे, पैसे ठेव. कथाकार म्हणतो, हे रचलेलं आहे, आत ये आणि संपलं की बाहेर जा. हा करार प्रौढाला चांगला पाळता येतो, मुलापेक्षा चांगला. फलज्योतिषाला जाहीर विरोध करणारे जयंत नारळीकर विज्ञानकथाही लिहीत होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, ती छत्तिसाव्या वर्षी, जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाल्यावर. कल्पनेत मनसोक्त फिरणं आणि डोकं ताळ्यावर ठेवणं ही दोन्ही कामं एका माणसात सुखाने नांदतात, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

या प्रश्नाचा सर्वाधिक रोख ज्यांच्यावर आला ते नारायण धारप. जन्म १९२५, मृत्यू २००८. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी, काही काळ आफ्रिकेत नोकरी, आणि शंभराहून अधिक पुस्तकं. मराठीत प्रौढांसाठी एक पात्र घेऊन अद्भुताची मालिका उभी केली ती त्यांनी. अनिष्टाशी झुंजणारे ‘समर्थ’, त्यांचा अनुयायी आप्पा जोशी, आणि मागे ‘समर्थाचिया सेवका’सारखी ग्रंथनामं. वाचनालयात दिवसाच्या भाड्यावर ही पुस्तकं फिरत. कव्हर निखळलेली, पानांचे कान दुमडलेले, पण मागणी कायम. धारप स्वतः अस्सल वाचक होते. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग त्यांनी पचवले होते. ‘सेलम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ रचली, ‘इट’वरून ‘शपथ’. अमेरिकेतलं गाव त्यांनी असं काही मराठी केलं की वाड्याची चौकट, विहिरीचा काठ, एसटीचा थांबा सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्यामुळेच भीती हाडांत शिरते. त्यांच्या कथांमध्ये अनिष्ट येतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हावेतून किंवा कुतूहलातून. चाळिशीतल्या वाचकाला हे जास्त भिडतं, कारण तोवर हाव म्हणजे काय हे त्याने आसपास पाहिलेलं असतं.

धारप गेल्यावर त्यांची पुस्तकं विस्मरणात जाण्याचा धोका होता. ती पुन्हा छापून दुकानांत आणण्यात मोठा वाटा आहे तो छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचा, बाबा भांड यांच्या संस्थेचा. खुलताबादेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, ‘सबरस’ जिथे छापला गेला त्याच शहरात ही नवी मांडणी, नवी मुखपृष्ठं झाली.

मग १२ ऑक्टोबर २०१८ ला ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना किशोरवयात, १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची कथा सांगितली होती. ती डोक्यात राहिली आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर आली, इतर धाग्यांसह आणि पुष्कळ बदलून. पहिल्या खेपेला गर्दी बेताची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मूळ कमाईपेक्षा जास्त कमाई झाली. त्या प्रेक्षागृहांतून बाहेर पडलेले पंचविशी-तिशीचे, इंग्रजी माध्यमात शिकलेले कितीतरी जण आता धारपांची ‘आजी’ ही कथा कुठल्या संग्रहात आहे हे विचारत येतात. अडखळत मराठी वाचतात, वेग धरतात, आणि ‘समर्थ’ची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची ते विचारायला परत येतात.